अंधार खात्याचे अभियंता

पंचवीस डिसेंबरपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानाच्या दारात पॉइन्सेटियाच्या लालभडक कुंड्यांची रांग असते. सव्वीस तारखेला तीच रांग आत, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी सरकते आणि तिच्यावर निम्म्याहून कमी किमतीची चिठ्ठी लागते. त्या दिवशी तिथे एक विशिष्ट प्रकारचा माणूस हटकून सापडतो. डोक्याला कानटोपी, अंगात जावयाचं जुनं जॅकेट, पायांत पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज आणि हात मागे बांधलेले. तो काही विकत घ्यायला आलेला नसतो. पाहणी करायला आलेला असतो.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास ही जमात भरपूर आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून आलेले आणि ग्रीन कार्ड झाल्यामुळे राहिलेले निवृत्त मराठी अधिकारी. गाडी चालवायची नाही, बरोबर आणलेले दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचून झाले, नातवंडं शाळेत. आयुष्यभर कशाचा ना कशाचा कारभार केलेला असतो, आणि इथे कारभार करायला काही शिल्लक नसतं. घर मुलगी चालवते, देश कोण चालवतं ते कळत नाही. मग अशा माणसाला इतरांनी टाकून दिलेलं, पण अजून धुगधुगी असलेलं काहीतरी लागतं. ते सव्वीस डिसेंबरला मिळतं.

माझे सासरे नाना हा या जमातीचा अव्वल नमुना. पाटबंधारे खात्यात उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त. भाटघर, वीर, नीरा डावा कालवा ही नावं ते इतर लोक गावातल्या देवांची घेतात तशी घेतात. अमेरिकेत आल्यावर त्यांना पहिला धक्का बसला तो हा, की इथे नळाला चोवीस तास पाणी असतं आणि त्याबद्दल कुणी कुणाशी भांडत नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पाण्यावरून भांडणं सोडवली, त्याचं मन अशा देशात कसं रमावं?

त्या सव्वीस तारखेला मी दूध घेऊन परत आलो तेव्हा नाना कुंड्यांच्या रांगेत वाकून, चष्मा कपाळावर चढवून एकेका झाडाच्या मध्यभागी बघत होते. दुकानातला पोरगा घाबरून लांब उभा होता.

“जावईबापू, हे लाल दिसतंय ते फूल नव्हे,” ते मान वर न करता म्हणाले. “ती पानंच. फुलं म्हणजे हे मधले पिवळे मणी. मणी मिटलेले असतील तर झाडात दम आहे. मणी झडले असतील तर नुसता रंग उरलाय.”

शेवटी मिटल्या मण्यांची एक कुंडी निवडली गेली. बाहेर उणे चार होतं. पॉइन्सेटिया हे मेक्सिकोतलं झाड. तापमान दहाच्या खाली गेलं की त्याच्या पानांना इजा होते, आणि दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंतचं अंतरही कधीकधी त्याला भोवतं. नानांनी स्वतःचा मफलर सोडून कुंडीला गुंडाळला, वर कानटोपी चढवली आणि बोडक्या डोक्याने गाडीपर्यंत चालत आले. आठवडाभर सर्दी नानांना झाली. झाड खणखणीत होतं.

घरी आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे कुंडीभोवतीचा सोनेरी चमकीचा कागद फाडणं. बायको म्हणाली, “नाना, राहू दे ना, छान दिसतोय.” झालं. नाना उभे राहिले. “पाणी कुणीही देतो, बाळ. काढायला अक्कल लागते. या कागदात पाणी साचतं, मुळं त्यात बसून कुजतात, पानं मान टाकतात, आणि लोकांना वाटतं तहान लागली म्हणून ते आणखी पाणी घालतात. नीरा खोऱ्यातल्या चांगल्या जमिनी खारवल्या त्या याच पायी. निचरा!” हा शेवटचा शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला त्या आवाजात लोक ‘हर हर महादेव’ म्हणतात.

त्यानंतर कुंडीचं आवर्तन ठरलं. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच पाणी, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि बशीत जमलेलं लगेच ओतून टाकायचं. कामावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, म्हणून सात वर्षांच्या नातीची नेमणूक झाली. पाटकरी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण हुद्दा मिळाल्याचा आनंद होता. एकदा ती मधल्या वारी झारी घेऊन निघाली तर नानांनी अडवलं. “पाणीमागणीचा, नमुना सातवर अर्ज केलाय का?” पोरीने शाळेच्या वहीतलं पान फाडून त्यावर सात आकडा काढून आणला. नानांनी तो तपासला आणि पाळी संपल्याच्या कारणावरून नामंजूर केला.

कुंडीची जागाही अशीच तीन पाहण्यांनंतर मुक्रर झाली. दक्षिणेच्या खिडकीत, कारण प्रकाश भरपूर हवा. पण काचेला पान टेकता कामा नये, कारण काच रात्री गार पडते. आणि हीटरच्या झडपेपासून लांब, कारण गरम वाऱ्याने पानं झडतात. ही सगळी कलमं पाळणारी घरात एकच जागा होती आणि तिथे माझी आरामखुर्ची होती. होती, असंच म्हणायला हवं.

मग कुणीतरी बायकोला सांगितलं की हे झाड विषारी असतं. ती आमच्या लेकीला घेऊन जिन्यावरच उभी राहिली. नाना शांतपणे उठले. असं बोलायचं निमित्त त्यांना फार दिवसांनी मिळालं होतं. १९१९ साली हवाई बेटावर एक लहान मूल हे पान खाऊन दगावल्याची वदंता उठली. ती कधी सिद्ध झाली नाही, पण शंभर वर्षं ती ख्रिसमसला घरोघर फिरते आहे. पान खाल्लं तर पोट बिघडेल, उलटी होईल, चीक लागला तर कातडीला खाज सुटेल, रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावं, इतकंच. अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञांचा जो हिशेब सांगतात त्यानुसार तेवीस किलोच्या मुलाने पाचशे पानं खाल्ली तरी गंभीर विषबाधा व्हायची नाही.

“आता मला सांग,” नाना म्हणाले, “ही पोरगी पालकाची दोन पानं खात नाही. ही पाचशे खाणार?”

नानांना झाड मिळालं की त्याची सेवापुस्तिका लागते. कुठे भरती, कुठे बदली, कोणी आणलं. जानेवारीत त्यांनी ती मिळवली. जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट हा दक्षिण कॅरोलिनाचा गृहस्थ, १८२५ साली मेक्सिकोत अमेरिकेचा पहिला राजदूत म्हणून गेला. १८२८ च्या सुमाराला त्याने टास्कोच्या डोंगराळ भागात हे लाल झाड पाहिलं आणि रोपं गावाकडे, आपल्या घरी धाडली. तिथून ती फिलाडेल्फियातल्या रोपवाटिकेवाल्यांकडे गेली आणि तिथून जगभर. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांना ते शेकडो वर्षं ठाऊक होतं. ते त्याला कुएत्लाशोचित्ल म्हणत, त्याच्या लाल पानांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. पुढे सतराव्या शतकात टास्कोच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ते येशूजन्माच्या मिरवणुकीत आणलं, आणि नाताळशी त्याची गाठ पडली ती तिथे. इतक्या लोकांनी इतकं करून ठेवलं आणि नाव लागलं ते रोपं पाठवणाऱ्याचं.

मला वाटलं, नाना या अन्यायावर बोलतील. पण त्यांना पॉइन्सेट बेहद्द आवडला. “बदलीच्या गावाहून रोप आणणं हा अधिकाऱ्याचा धर्मच आहे,” ते म्हणाले. “आम्ही कोकणातून कलमं आणली नाहीत?” त्यावर माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून आठवण करून दिली की त्या कलमांतलं एकही जगलं नव्हतं. मी सांगितलं की या पॉइन्सेटने मेक्सिकोच्या राजकारणात इतकं नाक खुपसलं, की १८२९ साली मेक्सिको सरकारने अमेरिकेला कळवलं, तुमचा माणूस परत बोलवा. नाना हळहळले. “कार्यक्षम अधिकाऱ्याची बदली होतेच.” पुढे तो अमेरिकेचा युद्धमंत्री झाला, हे ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, “बघा. शेवटी पदोन्नती दिलीच ना.” तो १२ डिसेंबर १८५१ रोजी वारला आणि अमेरिकेत तोच दिवस पॉइन्सेटियाचा दिवस म्हणून पाळतात. नानांनी कालनिर्णयावर त्या चौकोनात पेन्सिलीने ‘पॉ. पुण्यतिथी’ असं लिहून ठेवलं.

खरा साक्षात्कार पुढे होता. एका रात्री ते ॲटलास घेऊन माझ्या खोलीत आले. पट्टी मेक्सिकोवर ठेवलेली होती.

“टास्को किती अंशांवर?”

“साधारण साडेअठरा उत्तर.”

“आणि पुणं?”

मी गप्प. पुणंही साडेअठरा उत्तर.

त्या रात्रीपासून ते झाड आमच्या घरात नातेवाईक म्हणून वावरू लागलं. नानांचा युक्तिवाद बिनतोड होता. या झाडाला लाल व्हायला थंडी लागत नाही, खत लागत नाही, नाताळ तर मुळीच लागत नाही. लांब, अखंड रात्र लागते. रात्र साधारण बारा तासांच्या थोडी वर गेली की झाड पानं वाढवणं थांबवून कळ्या धरतं आणि शेंड्याची पानं लाल करतं. टास्कोत आणि पुण्यात रात्री सारख्याच लांबीच्या. म्हणून तर पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात हे दहा-दहा फुटी वाढतं आणि कुणी ढुंकून न बघता डिसेंबरात आपलं आपण पेटतं. नानांच्या पुण्यातल्या घरासमोर असंच एक होतं. त्याच्याकडे त्यांनी तीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, असं माई म्हणतात.

पाडव्याच्या सुमाराला, एप्रिलमध्ये, नानांनी कात्री घेतली आणि झाड वीतभर उंचीवर छाटलं. लाल पानं तोवर फिकट होऊन गळालीच होती. कापल्या जागी पांढरा चीक आला. “शेराचा भाऊबंद आहे हा,” ते हात धूत म्हणाले, आणि ते खरंच आहे. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो शेर आणि हे एकाच कुळातले. आता कुंडीत चार बोडकी खुंटं उरली. बायको म्हणाली, झालं ते झालं, आता टाकून देऊ. अमेरिकेत बहुतेक सगळे हेच करतात. हे झाड इथे फुलदाणीतल्या फुलांच्या हिशेबात विकतात, झाडांच्या नाही.

या झाडाला असं नाताळापुरतं कुणी केलं, याचा शोध घेताना नानांना एके घराण्याची कथा सापडली. अल्बर्ट एके हा जर्मनीहून आलेला माणूस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या परिसरात तो रस्त्याकडेला हे लाल तुरे विकायचा. १९२३ साली हे कुटुंब सॅन दिएगोजवळच्या एन्सिनिटासला गेलं. तिसऱ्या पिढीतल्या पॉल एके ज्युनिअरने टीव्हीच्या स्टुडिओंना नाताळात झाडं फुकट पाठवायला सुरुवात केली. मोठमोठ्या कार्यक्रमांत मागे लाल रांग दिसायला लागली, आणि लोकांना वाटायला लागलं की हे आपल्या घरात नाही म्हणजे नाताळच नाही.

पण नानांना छळत राहिली ती दुसरी गोष्ट. मूळ जंगली पॉइन्सेटिया उंच, सडपातळ आणि विस्कटलेला असतो. एके मंडळींचा मात्र बुटका, भरगच्च, फांद्याच फांद्या. हे ते कसं करतात हे कित्येक वर्षं बाकीच्या बागायतदारांना कळेना. गुपित कलमात होतं. फांद्या फुटणाऱ्या झाडावर दुसऱ्याचं कलम केलं की त्यालाही फांद्या फुटत. १९९० च्या दशकात विद्यापीठातल्या एका संशोधकाने हे तंत्र शोधून छापलं आणि घराण्याची मक्तेदारी गेली. पुढे कळलं, की कलमातून खरं तर एक अतिसूक्ष्म जीव, फायटोप्लाझ्मा, या झाडातून त्या झाडात जात होता. फांद्या फुटत त्या त्याच्या संसर्गामुळे.

“म्हणजे,” नानांनी चष्मा काढला, “हे झाड आजारी आहे म्हणून सुंदर आहे?”

दोन दिवस ते त्याच्याशी जपून वागले. मग म्हणाले, असू दे, आपल्यालाही साखर आहे.

उन्हाळ्यात कुंडी मागच्या डेकवर गेली, आधी सावलीत, मग अर्ध्या उन्हात. पंधरा दिवसांनी एकदा खत. नव्या फांद्या हातभर झाल्या की शेंडे खुडायचे, म्हणजे झाड भरतं. आणि हे खुडणं ऑगस्टअखेर थांबवायचं, नाहीतर कळ्या धरायला शेंडेच उरत नाहीत. खुडलेले शेंडे सहज मुळं धरतात. माईंनी दहा ग्लासांत पाणी भरून ठेवलं होतं, संक्रांतीला वाण म्हणून लुटायचा त्यांचा बेत होता. तेवढ्यात नानांनी कुंडीत खोचलेली चिठ्ठी वाचली. वाण पेटंटचं, परवानगीशिवाय रोपं करण्यास मनाई. माई म्हणाल्या, त्यांना काय कळतंय. नाना म्हणाले, सरकारला सगळं कळतं. ज्या माणसाने आयुष्यात चोरून भिजवलेल्या उसाचे पंचनामे केले, त्याने ते दहाही शेंडे स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि मग ऑक्टोबर आला.

पॉइन्सेटियाचं गणित बाहेरच्या अंधाराशी असतं, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात अंधार पुण्यापेक्षा जास्तच असतो. अडचण माणसांची. संध्याकाळी पाचला दिवा लावतात, रात्री बाराला फ्रीज उघडतात, पहाटे मोबाइल. झाडाला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. त्यामुळे घरातलं झाड आठ-दहा आठवडे रोज निदान चौदा तास ठार अंधारात कोंडायचं आणि दिवसा पुन्हा उन्हात ठेवायचं, हा एकच उपाय. ठार म्हणजे ठार. फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवासुद्धा चालत नाही.

घरात तसा अंधार एकाच ठिकाणी होता. मुख्य दाराशेजारचं कोटांचं कपाट. एक तारखेला सकाळी त्याच्या दारावर कागद चिकटला होता.

‘परिपत्रक. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आजपासून पुढील आदेश होईपर्यंत सायंकाळी ५ ते सकाळी ८ या वेळेत सदर कपाट उघडण्यास सक्त मनाई आहे. अपरिहार्य कारणास्तव कोट हवा असल्यास आदल्या दिवशी दुपारी ४ पूर्वी लेखी मागणी नोंदवावी. आदेशावरून.’

मी सकाळी सातला ऑफिसला निघतो. ऑक्टोबरात चालून गेलं. नोव्हेंबरात मी दोन स्वेटर आणि बायकोची शाल घेऊन जायला लागलो. ऑफिसात सगळ्यांना वाटलं की हा काहीतरी भारतीय सण आहे.

सण खरा होताच. दिवाळी बरोबर या आठ आठवड्यांच्या मध्ये येते. नानांनी महिनाभर आधी माईंसमोर विषय काढला, की यंदा रोषणाई जरा मर्यादित, दाराजवळ आकाशकंदील नको. माईंनी चकल्यांचा सोऱ्या खाली ठेवला. “अहो, दिव्यांच्या सणाला तुम्ही अंधार मागताय? त्या झाडाला म्हणावं, चार दिवस मेणबत्तीकडे पाठ कर.” आकाशकंदील लागला. पस्तीस माणसं आली. त्यांचे कोट बेडरूममधल्या पलंगावर, गच्चीइतके उंच. नाना कपाटाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, फराळाची बशी मांडीवर. पण जेवायला उठावंच लागलं, आणि तेवढ्यात लपाछपी खेळणारी चार पोरं कपाटात शिरली. त्यांतल्या एकाकडे मोबाइल होता आणि त्या मोबाइलला टॉर्च होता.

रात्री दीड वाजता नाना चौकशी अहवाल लिहीत बसले होते.

नाताळ आला. शेजारच्या प्रत्येक खिडकीत लाल झाड, आमच्याकडे हिरवंगार. नानांनी सगळा ठपका दिवाळीवर ठेवला. माझा संशय कपाटामागून जाणाऱ्या हीटरच्या नळीवर होता, कारण रात्री फार ऊब मिळाली तरी हे झाड रेंगाळतं. पण मी बोललो नाही. जावयाने सासऱ्यांच्या अहवालावर शेरा मारू नये. लाल रंग चढला तो जानेवारीत, थेट संक्रांतीला. हळदीकुंकवाला आलेल्या काळ्या साड्यांमध्ये ते झाड असं काही शोभलं, की एडिसनच्या बायकांनी ती संक्रांतीसाठीचीच खास जात समजून नानांकडे पत्ता मागितला. नानांनी नाताळाचा उल्लेख केला नाही. उलट बाई, हे पुण्याच्या अक्षांशावरचं झाड आहे, असं प्रत्येकीला सांगितलं.

यंदा ते सव्वीस डिसेंबरला पुन्हा पाहणीला गेले. आता आमच्याकडे तीन कुंड्या आहेत आणि मधल्या मजल्यावरच्या कपाटाचीही मोजमापं घेऊन झाली आहेत. तुमच्याही घरी पाटबंधारे, महसूल किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेलं कुणी येऊन राहणार असेल, तर त्यांना पॉइन्सेटिया जरूर आणून द्या. वर्षभर घरात शांतता राहते. फक्त सगळे कोट तीस सप्टेंबरच्या आत कपाटातून बाहेर काढून ठेवा.